रणांगण आणि आपल्या कन्या
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवरील सातवा ठराव आपण सर्वांनी वाचलाच असेल. १९६५ च्या युद्धानंतर आपल्या मंडळाने जो सैनिकी शिक्षण निधी उभारला, त्याच्या नियमांत ‘ज्ञातीतील होतकरू मुलांस’ असे शब्द आहेत; त्यांपुढे ‘व मुलींस’ हे दोन शब्द घालावेत, एवढीच ती सूचना आहे. या दोन शब्दांपायी कार्यकारी मंडळाच्या दोन बैठकी खर्ची पडल्या आणि तरीही एकमत झाले नाही. याचे आम्हांस नवल वाटत नाही. पैशाचा प्रश्न असता तर तो अर्ध्या तासात सुटला असता. वरवर हा नियमातील दुरुस्तीचा प्रश्न दिसतो. पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला आहे, आणि तो असा की, स्त्रीने हाती शस्त्र घेऊन प्रत्यक्ष लढाईच्या आघाडीवर उभे राहावे काय? तो प्रश्न उघडपणे मांडल्यावाचून मते देणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते; म्हणून आपला थोडा वेळ घेत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. स्त्रियांनी सैन्यात जावे की न जावे, हा वाद आता उरलेला नाही. आपल्या देशात लष्करी परिचारिकांची परंपरा १८८८ पासूनची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, स्त्रियांचे साहाय्यक दल उभारले गेले होते. पुढे १९५० च्या सेना अधिनियमाच्या बाराव्या कलमाने असे ठरविले की, केंद्र सरकार जी दले अधिसूचनेने खुली करील तेवढ्यांतच स्त्रीस प्रवेश मिळावा. म्हणजे दार बंद, पण किल्ली सरकारच्या हाती. ही किल्ली १९९२ साली प्रथम फिरली आणि पुरवठा, शिक्षण, न्याय अशा शाखांत स्त्री अधिकारी येऊ लागल्या. आरंभी पाच वर्षांसाठी, पुढे दहा आणि मग चौदा. २०१६ साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी वायुदलात लढाऊ वैमानिक झाल्या. लष्करी पोलिसांत जवान म्हणून भरती झालेली पहिली तुकडी २०२१ साली बाहेर पडली. २०२३ च्या एप्रिलात पाच तरुणी तोफखान्यात अधिकारी म्हणून रुजू झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या महाराष्ट्राच्या प्रेरणा देवस्थळी या आरमारी युद्धनौकेचे अधिपत्य मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. भूदलातील पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ हीच काय ती दारे स्त्रियांस अद्याप बंद आहेत. तेव्हा वाद उरला आहे तो या शेवटच्या दारांचा, आणि त्या दारांकडे नेणाऱ्या वाटेवर आपल्या मुलींस आपण धाडावे की नाही याचा.

या विषयावर कोणी बोलू लागला की झाशीच्या राणीचे नाव निघते आणि टाळ्या पडतात. आम्हीही त्या थोर स्त्रीपुढे नतमस्तक आहोत. तथापि तिच्या नावाने हा वाद जिंकता येईल असे आम्हांस वाटत नाही, आणि हे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. लक्ष्मीबाई रणात उतरल्या त्या राज्याच्या धनीण म्हणून; पती निवर्तलेला, दत्तक पुत्र अज्ञान, आणि राज्य खालसा झालेले. ताराराणींचेही तसेच. १७०० साली राजाराम महाराज वारले, तेव्हा राज्याचा भार त्या विधवा तरुणीवर पडला आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, सात वर्षे, तिने तो पेलला. यावरून स्त्रीस राजकारण आणि युद्धकारण साधते हे सिद्ध होते. ज्यांस एवढीही शंका असेल त्यांनी ती येथेच सोडावी. परंतु कुणब्याची, कारागिराची, कारकुनाची मुलगी शिपाई म्हणून भरती व्हावी काय, या प्रश्नास राण्यांच्या चरित्रांत उत्तर नाही. झाशीच्या वेढ्यातच पाहावयाचे तर राणीपेक्षा तटावरील अनामिक स्त्रियांकडे पाहावे. मार्च १८५८ मध्ये तटावर स्त्रिया दारूगोळा वाहताना व तोफांच्या मोर्च्यांवर राबताना दिसल्याचे ज्याने वेढा घातला त्या सर ह्यू रोजनेच लिहून ठेवले आहे. या स्त्रियांची नावे कोठेही नाहीत. शहर पडल्यावर जी कत्तल झाली तिची हकिकत त्या वेळी झाशीत अडकलेल्या वरसईच्या गोडसे भटजींनी लिहिली आहे, ती आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तटावर चढलेली आणि घरात दडलेली असा भेद त्या कत्तलीने केला नाही.

आमच्या मते खरा दाखला आहे तो याच राणीच्या नावाने निघालेल्या पलटणीचा. १९४३ च्या जुलैत सुभाषबाबू सिंगापुरास आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी स्त्रियांची लढाऊ पलटण उभारण्याची घोषणा केली. सिंगापुरात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन यांनी दवाखाना बंद केला आणि त्या पलटणीच्या कप्तान झाल्या. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी शिबिर सुरू झाले. त्यात आलेल्या मुली कोण होत्या, हे ध्यानात घ्यावे. कित्येक जणी मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या लेकी होत्या. बहुतेकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ज्या देशात आपण जन्मलो नाही त्या देशासाठी त्यांनी केस कापले, विजारी चढविल्या, बंदूक व संगीन चालविण्यास शिकल्या आणि पाठीवर ओझी घेऊन मैलोगणती कूच करू लागल्या. मळ्यावर भल्या पहाटेपासून चीक गोळा करीत हिंडणाऱ्या मुलीस कूच करणे फारसे कठीण गेले नसावे, असे आम्हांस वाटते. कठीण गेले असेल ते बंगल्यातून आलेल्यांस.

ही पलटण ब्रह्मदेशात मेम्योपर्यंत गेली. इम्फाळची मोहीम फसली आणि आघाडीवर जाण्याची तिची वेळ आलीच नाही. तेथे तिने केले ते जखमी व रोगग्रस्त सैनिकांच्या शुश्रूषेचे काम, तेही विमानांच्या बॉम्बवर्षावाखाली. १९४५ च्या एप्रिलात रंगून सोडावे लागले तेव्हा नेताजी स्वतः या मुलींबरोबर निघाले आणि वाटेत वाहने निकामी झाली तेव्हा त्यांच्यासह पायी चालले. आता काही विद्वान म्हणतात की, ही पलटण लढलीच नाही, तेव्हा तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आम्ही हे अर्धे मान्य करतो. लढाईत ती कशी उतरली असती हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु एक गोष्ट निश्चितपणे सिद्ध झाली. सामान्य घरांतील मुली, कोणाच्याही राण्या नसलेल्या, स्वखुशीने शस्त्र हाती घेण्यास तयार होत्या आणि शिस्त पाळू शकत होत्या. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने या अनुभवाचा काहीच उपयोग केला नाही. लक्ष्मीबाई सहगल कानपुरास गरिबांची प्रसूतिगृहे सांभाळीत म्हाताऱ्या झाल्या आणि २०१२ साली वारल्या. १९९२ साली सैन्याचे दार किंचित किलकिले झाले तेव्हा त्या हयात होत्या.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप देहबलाचा, आणि तो खोटा नाही. पायदळातील जवानाच्या पाठीवर जे ओझे असते ते घेऊन डोंगर चढणे, जखमी सोबत्यास खांद्यावर टाकून धावणे, यात सरासरीने पुरुषाचे बळ अधिक, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या मरीन दलाने २०१५ साली जो प्रयोग केला, त्यात १३४ कामांपैकी ९३ कामांत निव्वळ पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांहून सरस ठरल्या आणि स्त्रियांस दुखापतीही अधिक झाल्या. आमच्या बाजूच्या काही उत्साही वक्त्यांस हा अहवाल आवडत नाही. आम्हांस तो लपवावासा वाटत नाही. पण त्याच वर्षी त्याच देशात, रेंजर शाळेच्या अत्यंत खडतर शिक्षणक्रमात क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेवर या दोन तरुणी उत्तीर्ण झाल्या. त्या शाळेत शेकडो पुरुष दरसाल नापास होतात. मग सरासरी घेऊन आम्ही काय करावे? पलटणीत सरासरी भरती होत नसते, माणूस भरती होत असतो. कामास जेवढे बळ लागते तेवढ्याची कसोटी असावी, ती सर्वांस एक असावी, ती कोणासाठी खाली आणू नये. त्या कसोटीस शंभरात दोन मुली उतरल्या तर दोन घ्याव्यात. एकही न उतरली तर एकही घेऊ नये. परंतु परीक्षाच देऊ द्यावयाची नाही, हा न्याय आम्हांस समजत नाही.

दुसरा आक्षेप बंदिवासाचा. स्त्री शत्रूच्या हाती लागली तर तिचे काय होईल, हा विचार प्रत्येक बापाच्या मनात येतो. बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी तो बोलून दाखविला आणि क्षणभर कोणीच काही बोलले नाही. या आक्षेपाची थट्टा करणारा माणूस निर्दय समजावा. तरीपण इतिहास काय सांगतो ते पाहावे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापुराहून निघालेले जहाज बुडाल्यावर बांका बेटाच्या किनाऱ्यास लागलेल्या २२ ऑस्ट्रेलियन परिचारिकांस जपानी सैनिकांनी समुद्रात चालावयास लावले आणि पाठीमागून गोळ्या घातल्या. एकटी व्हिव्हियन बुलविंकल वाचली. त्या स्त्रिया लढवय्या नव्हत्या. त्यांच्या हातांत शस्त्र नव्हते, दंडावर रेडक्रॉसची खूण होती. फाळणीच्या काळात आपल्याच देशात स्त्रियांवर जे गुदरले ते सांगण्याची आवश्यकता नाही. त्या तर कोठल्याच आघाडीवर नव्हत्या, आपापल्या घरी होत्या. तात्पर्य, स्त्रीस आघाडीपासून दूर ठेवल्याने तिचे रक्षण होते, ही समजूत मागील शंभर वर्षांच्या युद्धांनी फोल ठरविली आहे. आघाडी स्वतःच चालत घरापर्यंत येते.

आपल्या सैन्यातीलच उदाहरण घ्यावयाचे तर मिताली मधुमिता यांचे घ्यावे. त्या लष्कराच्या शिक्षण शाखेत. २०१० च्या फेब्रुवारीत काबूल येथे आपल्या लोकांच्या निवासस्थानावर हल्ला झाला, तेव्हा त्या निःशस्त्र अवस्थेत तेथे धावत गेल्या आणि ढिगाऱ्यातून जखमींस बाहेर काढले. त्यांस शौर्यासाठी सेना पदक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. नियमाप्रमाणे त्या लढाऊ शाखेत नव्हत्या. नियमास हे ठाऊक होते, हल्लेखोरांस नव्हते. कारगिलच्या युद्धात १९९९ साली गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघींनी चीता हेलिकॉप्टरे युद्धक्षेत्रात नेली, त्यासही कोणत्या नियमाने लढाई म्हणत नव्हते.

तिसरा आक्षेप मात्र आपणां सर्वांस अधिक जवळचा आहे, आणि त्यावर आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत. स्त्री अधिकाऱ्यांस कायम नेमणूक द्यावी असा निर्णय दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. त्यावर अपील होऊन ते प्रकरण दहा वर्षे सर्वोच्च न्यायालयात राहिले. तेथे सरकारपक्षाने जी कारणे मांडली त्यांत एक कारण असे होते की, सैन्यातील जवान मुख्यतः ग्रामीण भागातून येतात, तेथील चालीरीतींत ते वाढलेले असतात, आणि स्त्री अधिकाऱ्याची आज्ञा मानण्यास त्यांच्या मनाची अद्याप तयारी झालेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती रस्तोगी यांनी हे कारण फेटाळले. लढाऊ शाखांचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच, हेही त्यांनी स्पष्ट केले. न्यायालयाचे काम तेथे संपले. पण ज्ञातिबंधूंनो, ते म्हणणे कोणाविषयी होते, याचा आपण विचार केला काय?

ते आपल्याविषयी होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर येथील ज्या गावांतून पलटणी भरल्या, त्या गावांविषयी होते. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या ४६ वीरांचा स्मृतिस्तंभ मिरविते आणि ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. अशा गावांतील पुरुष वर्षानुवर्षे सरहद्दीवर असत, तेव्हा शेत, सासू-सासरे, कोर्टकचेरी, मुलांच्या शाळा आणि सावकार हे सारे कोणाच्या आज्ञेने चालत होते? ज्या घरात जवान लहानाचा मोठा झाला त्या घराची सेनापती बहुधा एक स्त्रीच होती. स्त्रीची आज्ञा मानण्याची सवय त्यास सैन्याने लावावी लागत नाही. तेव्हा आपल्या पोरांच्या नावाने हे कारण दिले गेले याचा आम्हांस राग आला, हे आम्ही लपवीत नाही.

परंतु राग ओसरल्यावर दुसराही विचार मनात आला. हे कारण अगदीच निराधार असते तर ते सुचले तरी कसे असते? आईची आज्ञा मानणे निराळे आणि परक्या घरच्या तरुण स्त्रीस सलाम करणे निराळे. आपल्या ज्ञातीत सभेचे अध्यक्षपद आजवर किती स्त्रियांस मिळाले, हे व्यासपीठाच्या मागे लावलेल्या माजी अध्यक्षांच्या छायाचित्रांकडे पाहून आपणच मोजावे. फार वेळ लागणार नाही. आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरसाल वधू-वरांची सूची छापली जाते. तीत वराच्या नावापुढे ‘सैन्यात अधिकारी’ असे असेल तर त्या घरी पत्रांचा ढीग पडतो. वधूच्या नावापुढे तेच शब्द असले तर ‘मुलगी नोकरी सोडण्यास तयार आहे काय?’ अशी विचारणा होते. असे प्रश्न विचारणाऱ्या समाजाविषयी सरकारी वकिलाने काही अंदाज बांधला, तर सगळाच दोष त्याच्या माथी कसा मारावा?

याच जिल्ह्यातील एक उदाहरण आपल्या सर्वांस ठाऊक आहे. कर्नल संतोष महाडिक हे नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यास अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन लहान मुले पदरी असता परीक्षा दिली, चेन्नईच्या प्रबोधिनीत आपल्याहून कितीतरी लहान मुलींबरोबर शिक्षण घेतले आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या अधिकारी झाल्या. त्यांचा गौरव ठिकठिकाणी झाला आणि तो योग्यच झाला. मात्र गौरवाच्या भाषणांत एक सूर आम्हांस खटकत आला आहे. पतीच्या मागे त्याचा वसा घेतला म्हणून ती थोर, असा तो सूर असतो. पती सुखरूप असताना, किंवा पतीच नसताना, केवळ स्वतःच्या इच्छेने एखादी मुलगी गणवेश मागू लागली, तर तिच्या वाट्यास तोच गौरव येईल काय? लक्ष्मीबाई, ताराराणी, आणि आजच्या वीरपत्नी. दुःखाने ज्यांस शस्त्र दिले त्यांस आपण पूजतो, आणि जी आनंदाने ते मागते तिला ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारतो.

अशा आनंदाने मागणाऱ्या मुली किती आहेत, याचा अंदाज २०२१ साली आला. सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींस प्रथमच देता आली, तेव्हा देशभरातून पावणेदोन लाखांहून अधिक मुलींनी अर्ज केले. जागा होत्या १९. त्या १९ जणी २०२२ साली आपल्या पुण्याशेजारी खडकवासल्यास दाखल झाल्या आणि त्यांपैकी १७ जणी ३० मे २०२५ रोजी मुलांच्या खांद्यास खांदा लावून संचलन करीत बाहेर पडल्या. त्या मैदानापासून आपल्या कित्येक सभासदांची घरे तासाभराच्या वाटेवर आहेत.

कोणी म्हणतील, पायदळाचे दार बंद आहे ना, मग आपण घाई कशास करावी? आमचे म्हणणे उलट आहे. परीक्षेस बसण्याचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. आज जी मुलगी दहावीत आहे ती दोन-तीन वर्षांत त्या वयाची होईल, आणि ते वय ओलांडले की ती संधी पुन्हा येत नाही. गणित, इंग्रजी, धावणे, पोहणे आणि मुलाखत-मंडळापुढील पाच दिवसांची कसोटी यांची तयारी दहावीनंतर लागलीच सुरू करावी लागते, आणि तिला पैसा लागतो. मुलासाठी बाप कर्ज काढतो. मुलीसाठी तो म्हणतो की, आधी लग्नाचे पाहू. आपला निधी येथेच उपयोगी पडणार आहे. साताऱ्यासह सर्व सैनिकी शाळा मुलींस खुल्या झाल्या आहेत. दार उघडणारे सरकार उघडील तेव्हा उघडील. पण दार उघडल्यावर आत जाण्यास आपल्याकडे कोणी तयार नसले तर त्याचा दोष दिल्लीस देता येणार नाही.

ज्यांस आपल्या मुलीस धाडावयाचे नाही त्यांनी धाडू नये. हा ठराव कोणाच्याही घरात शिरत नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी बंदिवासाची भीती बोलून दाखविली त्यांच्या नातीस निधीचा अर्ज करावासा वाटला, तर तिने तो त्यांस दाखवून, त्यांच्या सहीने करावा, अशी उपसूचना आम्ही स्वतः मांडणार आहोत. अज्ञान मुलाच्या अर्जावर पालकाची सही आजही लागतेच. दुसरी उपसूचना अशी की, निधीच्या व्याजातून दरसाल ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात त्यांत मुलींसाठी वेगळी राखीव संख्या ठेवू नये. गुणानुक्रम एकच असावा. एखाद्या वर्षी सर्व शिष्यवृत्त्या मुलांस गेल्या तर तक्रार नको, आणि सर्व मुलींस गेल्या तरीही नको. काही भगिनींस ही उपसूचना पसंत नाही, हे आम्ही जाणतो. पण कसोटी एकच असावी असे सैन्यास सांगावयाचे आणि आपल्या निधीत दोन ठेवावयाच्या, हे आम्हांस जुळविता येत नाही.

सातव्या ठरावाचे सूचक आम्ही आहोत. भोजनोत्तर सत्रात तो मतास टाकला जाईल. मतदान हात वर करून घ्यावे, चिठ्ठीने नको, अशी विनंती आम्ही अध्यक्षमहाराजांस केली आहे व ती त्यांनी मान्य केली आहे. अनुमोदनासाठी एखाद्या पित्याने उभे राहावे अशी आमची इच्छा आहे; ज्याच्या घरी आज दहावी-बारावीत शिकणारी मुलगी आहे अशा पित्याने. त्यांनी आपले नाव भोजनापूर्वी कार्यवाहांकडे द्यावे.